फायर इफेक्ट – ८ नग

सन्माननीय दादा,



परवाचा आपला वाढदिवस डोळे दिपवणारा झाला. मी तिसऱ्या रांगेत होतो, तेव्हा हे अक्षरशः घ्यावे. आपण स्टेजवर पाऊल ठेवले, डीजेने ढोलाचा ठेका वाढवला आणि कडेच्या आठही मशिनींनी एकदम माणसाच्या दुप्पट उंचीच्या ज्वाळा सोडल्या. शेजारच्या काकू पदर आवरून चौथ्या रांगेत गेल्या. त्यांना कलेची जाण कमी असावी.

कार्यक्रमाचे कोटेशन मला वाचायला मिळाले. आपल्याच एका कार्यकर्त्याने ते चुकून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते. फुलांची कमान, एलईडी वॉल, सोफा, जनरेटर, फायर इफेक्ट ८ नग, कोल्ड पायरो १२ नग, गॅसचे फुगे ५००. फुगे आणि फायर इफेक्ट एकाच पानावर, एकाखाली एक. असल्या फुग्यांत आपल्याकडे सर्रास हायड्रोजन भरतात, त्यामुळे वाचताना छातीत जरा धडधडले. पण खरे कौतुक वाटले ते जे लिहिले नव्हते त्याचे. ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचे पैसे आपण सपशेल वाचवलेत.

परदेशात या कामावर एक माणूस असतो. बटण दाबणे हा त्याच्या कामाचा किरकोळ भाग. न दाबण्याचे त्याला पैसे मिळतात. दुपारीच तो नाचणाऱ्यांना स्टेजवर फिरवून आणतो, ज्वाळा कुठून निघणार ते दाखवतो, जमिनीवर पट्ट्या मारतो. वर कापड, ट्रस, वायरी काय लटकते आहे ते पाहतो. उघड्यावर कार्यक्रम असेल तर वारा बघतो. हातातले बटण धरून ठेवले तरच मशीन पेटायला तयार, सोडले की व्हॉल्व्ह बंद. समोर स्टेज स्वच्छ दिसले पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस कानात ‘मोकळे आहे’ म्हणाला पाहिजे. एखादी मुलगी ठेका चुकून पट्टीच्या आत आली, तर ती ज्वाला रद्द. गाणे कितीही रंगात असो, गायक कितीही मोठा असो. अमेरिकेत तर प्रेक्षकांपुढे ज्वाळा काढण्यासाठी एनएफपीए १६० नावाचे वेगळे मानकच आहे. एवढ्या कागदात आपल्याकडे तीन वाढदिवस होतील.

आपला ऑपरेटर मी जवळून पाहिला. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, डीजेच्या टेबलामागे. डाव्या हातात गाडीच्या किल्लीएवढा रिमोट, उजव्या हातात मोबाईल, कारण आपल्या एंट्रीची रील काढण्याची जबाबदारीही त्याच्यावरच होती. तो मन लावून स्क्रीनकडे बघत होता आणि स्क्रीनच्या चौकटीत फक्त आपण होतात. चौकटीबाहेर, पाचव्या मशिनीपासून हातभर अंतरावर, नायलॉनच्या ओढण्या घेतलेल्या चार मुली गिरक्या घेत होत्या. तो रिमोट एकदा दाबला की मशीन आपले दोन-तीन सेकंद पुरे करते. मध्ये कोण आले याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

पोराला नावे ठेवत नाही. त्याला मी विचारले, ‘ओढणी जवळ आली तर काय करतोस?’ तो म्हणाला, ‘काका, दादांनी सांगितलंय, एकही शॉट चुकवायचा नाही.’ खरे सांगत होता. ज्वाला मोठी करायचा अधिकार त्या रात्री कुणाला नव्हता? आपल्याला होता, आपल्या भाच्याला होता, प्रायोजकाला होता, निवेदकाला तर माइकवरून होता. ‘आवाज येऊ दे’च्या पाठोपाठ ‘फायर येऊ दे’ असे तो तीनदा ओरडला आणि तिन्ही वेळा फायर आली. ज्वाला रद्द करायचा अधिकार असलेला एकही माणूस मला मैदानात सापडला नाही.

बाकी तयारीही पाहण्यासारखी होती. दोन मोठ्या मशिनी गॅसवर होत्या आणि गॅस घरगुती लाल सिलिंडरचा होता, १४.२ किलोवाला; वर चादर टाकून स्टेजखाली सरकवलेला. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरता येत नाही हा नियम गृहिणींसाठी असावा. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, खालीच साचतो, आणि आपण स्टेजला चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सॅटिनची झालर लावून त्याची साचायची उत्तम सोय केली होती. कोल्ड पायरोच्या, म्हणजे ठिणग्यांचे कारंजे उडवणाऱ्या मशिनीत धातूची बारीक पूड असते. तिनेच पेट घेतला तर पाणी ओतायचे नसते, कोरडी वाळू लागते. आपल्याकडे पाण्याच्या बाटल्यांचे चार बॉक्स तयार होते. अग्निशामक नळकांडे एक होते. उजव्या स्पीकरमागे, आपल्याच जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळलेले. फ्लेक्सवर आपण हात जोडून उभे होतात.

लाइटवाल्याचा एक किस्सा सांगतो. चार मशिनी त्याने लाइटच्याच बोर्डाला जोडल्या होत्या, म्हणजे रिमोटवाला पोरगा चार पेटवणार आणि हा चार. लाइटचे बोर्ड ज्या डीएमएक्स भाषेत दिव्यांशी बोलतात, तिच्यात गेलेला निरोप बरोबर पोचला की नाही हे तपासण्याची सोयच नाही. दिवा चुकून लागला तर गाणे जरा विनोदी होते, एवढेच. म्हणून माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या गोष्टी नुसत्या त्या भरवशावर ठेवू नयेत, असे डीएमएक्सच्या मानकातच बजावलेले आहे. लाइटवाल्याला हे माहीत होते. ‘मग जोडल्यास कशाला?’ तर म्हणाला, ‘आठही एकदम पाहिजेत म्हणाले ना.’

आता काही कुजकट लोक आपल्याला उदाहरणे देत सुटतील. मेटालिकाचा जेम्स हेटफिल्ड १९९२ मध्ये मॉन्ट्रियलला भर कार्यक्रमात भाजला, कारण ज्वाला कुठून निघणार याचा घोळ झाला आणि तो नेमका तिथेच उभा होता, वगैरे. जर्मनीचा राम्मस्टाइन हा बँड अख्खा कार्यक्रम आगीवर करतो; पण १९९६ मध्ये बर्लिनला स्टेजवर जळते सामान कोसळल्यावर त्यांनी हौशीपणा सोडला. त्यांच्या गायकाने आतषबाजीचा रीतसर परवाना काढला. गायकाने! आपल्याकडे गायक मानधनाशिवाय कशावर सही करत नाही.

दादा, पुढचे मात्र मला थट्टेत लिहिता येत नाही. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका क्लबमध्ये बँडच्या टूर मॅनेजरने ठिणग्यांचे कारंजे उडवले. स्टेजमागच्या भिंतीवर आवाज दाबायला फोम चिकटवला होता, त्याने पेट घेतला. लोकांना आधी तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. दीड मिनिटाच्या आत तिथे जगण्यासारखी हवा उरली नाही. शंभर माणसे गेली, कितीतरी जण ज्या दाराने आत आले त्याच दारात अडकून. मॅनेजर तुरुंगात गेला. ब्राझीलमध्ये सांता मारिया गावी २०१३ मध्ये पुन्हा तेच: बंद जागा, फोम, बँडने पेटवलेली फ्लेअर. ती उघड्यावर उडवायची होती. पोलिस तपासात निघाले की तिची किंमत अडीच रिआल, आणि आत चालणारी सत्तर रिआलची. २४२ मेले. साडेसदुसष्ट रिआल वाचवल्याचे ते कोटेशनही कुणीतरी पास केलेच असणार.

आणि हे सगळे परदेशातले म्हणून सोडून द्यावे तर १४ फेब्रुवारी २०१६ ला गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’च्या कार्यक्रमात लावणी चालू असताना स्टेज खालून पेटले. मुख्यमंत्री समोर बसले होते. बघता बघता सगळा मंच गेला. कुणी दगावले नाही. एक तर समोर अख्खी मोकळी चौपाटी होती, आणि लोकांना वेळेत बाहेर काढले गेले. गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री ती मोकळी जागा नव्हती. नाच चालू असताना छत पेटले. आत उडवलेल्या आतषबाजीकडे बोट दाखवले गेले. पंचवीस जण गेले. त्यातले बहुतेक पाहुणे नव्हते, तिथे राबणारे कामगार होते, तळघराच्या बाजूला धुरात कोंडलेले. ठेक्यावर हात वर करून त्यांनी काही मागितलेही नव्हते. वाट इतकी अरुंद की अग्निशमन दलाचे बंब लांबच थांबले.

असो. आपल्या मैदानात तसे काही झाले नाही, आणि झाले नाही म्हणूनच आपण आता निर्धास्त आहात हे मी समजू शकतो. अग्निशमन दलाच्या ना-हरकतीसाठीचा अर्ज सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला असे कळते. वरातीमागून घोडे निघाले, पण निघाले हे महत्त्वाचे. तात्पुरत्या मंडपांसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे, राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही आहे; दोन्ही आपल्या कार्यालयात ठेवायला हरकत नाही. जाड नाहीत.

एक सूचना करण्याचे धाडस करतो. त्या पोराच्या हातातला मोबाईल काढून घ्या, रीलसाठी दुसरा माणूस ठेवा, आणि भर स्टेजवरून, माइकवर, सगळ्यांसमोर त्याला सांगा की ‘तू रद्द केलास तर मी विचारणार नाही.’ एवढे म्हणण्याने बिल वाढणार नाही. रिमोटपेक्षा हे वाक्य उच्चारायला जड आहे, हे मान्य. ते तुम्हीच म्हणायला हवे. भाच्याने म्हणून उपयोग नाही, कारण पोराला माहीत आहे की भाचा विचारणार.

पुढच्या महिन्यातला महिला मेळावा एसी हॉलमध्ये असल्याचे समजले. छत थर्माकोलच्या नक्षीचे, भिंतींना पडदे, आणि पत्रिकेवर ‘भव्य फायर शो’ छापून झाले आहे. आम्हा दोघांचे पास मिळाले तर आभारी राहू. हॉलला तीन दारे आहेत, पैकी दोनांना कुलूप असते असे वॉचमन म्हणतो. उघडे दार कुठले ते आधी कळवावे, म्हणजे त्या बाजूच्या खुर्च्या मागता येतील.



आपला,
तिसऱ्या रांगेतला एक मतदार