टायर बघू नंतर, आधी नंबर

अंधेरीचं आरटीओ वर्सोव्याच्या तोंडावरच आहे, चार बंगल्याजवळ आंबिवलीत. २०२४च्या ऑगस्टअखेर सरकारने पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढवले आणि मुंबईत चारचाकीसाठी ०००१ हा आकडा चार लाखांवरून सहा लाखांवर गेला. वर्सोव्यात त्यावरून कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. सहा लाख मोजून काय मिळतं, तर पत्र्यावरचा एक आकडा. तो रस्त्याला टेकत नाही, पावसात ब्रेक लावायच्या कामाचा नाही. त्याच गाडीचे चार टायर बदलायची वेळ आली, की मात्र त्याच घरात अचानक काटकसर उगवते. "अजून नक्षी दिसतेय ना? मग चालवू की दिवाळीपर्यंत!"

गाडी म्हणजे कुठली, तर सात बंगल्यापासून यारी रोडपर्यंत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली झोपलेली धिप्पाड जर्मन जनावरं. उदाहरणाला आधीच्या पिढीची बीएमडब्ल्यू एम ५ घेऊ. सहाशे अश्वशक्ती, वजन दोन टनांच्या आसपास. वीस इंची चाकं असतील तर पुढे २७५/३५ आणि मागे २८५/३५ टायर. टायरच्या अंगावरचा मजकूर वाचायला मालक कधी वाकत नाही, म्हणून आपणच वाचू. २७५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ३५ म्हणजे त्या रुंदीच्या ३५ टक्के उंची. हिशेब केला तर ९६ मिलिमीटर रबर. चार इंचसुद्धा नाही.

आता सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षाकडे बघा. बजाजच्या रिक्षाला ४.००-८ चा टायर असतो. रुंदी चार इंच, उंचीही जवळपास तेवढीच. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामध्ये रिक्षावाल्याकडे जेवढं रबर आहे, तेवढं दीड कोटीच्या गाडीकडे नाही. रिक्षावाला खड्डा बघून वेग का कमी करत नाही, हे कोडं इथे सुटतं.

बीएमडब्ल्यूच्या पुढच्या टायरवर मापानंतर लिहिलेलं असतं १०२ वाय. १०२ म्हणजे एका टायरने ८५० किलो पेलायचं. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. कोस्टल रोडच्या सरळ पट्ट्यात मर्यादा ८०, वांद्रे-वरळी सेतूवरही ८०, आणि तिथवर पोचायला आधी जुहू नाही तर लिंक रोड सोसायचा. वर्सोवा-वांद्रे सेतू अजून बांधतायत. समृद्धीवर १२०, पण त्यासाठी आधी मुंबईबाहेर पडावं लागतं. उरतो आपला जयप्रकाश मार्ग. तिथे डोक्यावरून जाणारी मेट्रो ११.४ किलोमीटरवरचं घाटकोपर २१ मिनिटांत गाठते. तिला तर टायरच नाहीत.

तेव्हा दुकानात जाऊन "सगळ्यात वेगाचा दाखवा" म्हणणं ही निव्वळ हौस आहे. कंपनीच्या पुस्तकात चालत असेल तर वेगाचं अक्षर वायवरून डब्ल्यूवर, म्हणजे २७० वर, उतरलं तरी यारी रोडला कळणार नाही. वजनाचा आकडा मात्र उतरू द्यायचा नाही. होतं नेमकं उलटं. अक्षर सगळे विचारतात, आकडा कुणीच नाही.

वर्सोव्यात या टायरांना वेग मारत नाही. उखडलेला पेव्हर ब्लॉक मारतो. नवं काँक्रीट आणि जुनं डांबर यांची पातळी जिथे जुळत नाही, ती धार मारते. एवढ्याशा रबरात दणका बसला की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. नक्षीतला खिळा पंक्चरवाला काढेल. फुग्यावर त्याच्याकडे इलाज नाही, टायर बादच. स्टेपनी बघायला डिकी उघडावी, तर या जातीच्या बहुतेक गाड्यांत ती नसतेच. असते एक बाटली, फेस भरायची. बाजू फाटली असेल तर तो फेस दाढीला लावा.

शिवाय एक टायर गेला म्हणजे खर्च एकाचा, असं समजू नये. चारही चाकांना ताकद जाते त्या गाडीत एक नवाकोरा आणि तीन घासलेले चालत नाहीत. घेर बदलतो आणि त्याचा त्रास आतल्या गिअरांना होतो. निदान जोडी बदलावी लागते. पुढचे-मागचे मापाने वेगळे, त्यामुळे अदलाबदल करून आयुष्य वाढवायची मारुतीवाल्यांची युक्तीही इथे बंद.

दुसरं मरण उभ्याउभ्या येतं. साहेब बाहेरगावी शूटिंगला, गाडी महिनोन् महिने पार्किंगमध्ये. नक्षी शाबूत, पण रबर उन्हाने आणि वयाने कडक होत जातं. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही देखणी असो, पावसात भरवसा नाही. वय लपवायची सोयही नाही, टायरवर चार आकडे छापलेले असतात. २४२१ म्हणजे २०२१ सालचा २४ वा आठवडा. जो गृहस्थ पापलेटचा कल्ला वर करून लाली बघितल्याशिवाय कोळीवाड्यातल्या मावशीशी भावही करत नाही, तोच तीन वर्षं गोदामात पडलेला टायर "शेठ, एकदम फ्रेश माल" एवढ्या शब्दावर गाडीला चढवतो.

माल शिळा असण्यालाही कारण आहे. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरांची आयात 'मुक्त' यादीतून काढून परवान्याखाली टाकली. आयएसआयचा छापही हवाच. रोज विकली जाणारी मापं इथे बनतात. वर्षाला मोजकीच विकली जाणारी अगडबंब मापं परवान्याच्या रांगेत थांबतात. म्हणून दुकानदाराचं "पंधरा दिवसांत येतंय" हा पंचांगात न सापडणारा पंधरवडा असतो. ज्याला माप आज हवं, तो तारीख बघत नाही.

नावाचा तोराही बघण्यासारखा. "देशी टायर? या गाडीला?" असं नाक मुरडणाऱ्याला व्रेडेस्टाइन दाखवलं की तो खूश होतो. डच नाव आहे ना! ती कंपनी २००९ मध्ये आपल्या अपोलोने विकत घेतली आणि आता त्या नावाचे टायर भारतातही बनतात. आणि भांडुपला कारखाना असलेली सिएट मुळात इटलीतल्या तुरीनची. पासपोर्ट कुणाचा बघायचा, हे आधी ठरवा. बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजचं एमओ, ऑडीचं एओ ही अक्षरं मात्र नुसता दागिना नव्हे; तो टायर त्या कंपनीने आपल्या गाडीसाठी जुळवून घेतलेला असतो. दोन पाय तारांकित आणि दोन अनाथ, असं तरी करू नये.

खरं तर या महाग, नरम रबरातून मुंबईकराने विकत घ्यायची गोष्ट एकच, ओल्या रस्त्यावरचा ब्रेक. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायदा टायर बाद ठरवतो. पण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि आपल्याकडे पाऊस पडतो म्हणजे काय होतं ते २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरने सांगितलंय. माझ्या मते मे महिन्यात तीन मिलिमीटर उरली असेल तर टायर संपला. "दिवाळीपर्यंत" म्हणणाऱ्याला मधला मृग दिसत नाही.

राहिला पैसा. अशा चार टायरांची मूळ किंमत दीड लाख धरा. पूर्वी २८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२,००० वर. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, म्हणजे २७,०००. पंधरा हजार वाचले. ते लगेच टायरात हवेऐवजी भरायच्या नायट्रोजनवर जायला लागतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. उरलेल्यासाठी पैसे मोजून साहेब व्हॉल्व्हवरचं हिरवं टोपण मिरवतात आणि दाब मात्र महिनोन् महिने तपासत नाहीत. कमी दाबाने रिम वाकते, टोपणाचा रंग काही का असेना.

हिशेब चाराचा करू नये, सहाचा करावा. तीन वर्षांत एक जोडी पेव्हर ब्लॉकच्या नावे जाणारच. करासकट एक टायर ४४,२५०, सहांचे २,६५,५००, ३६ महिन्यांत वाटले तर महिन्याला ७,३७५. गाडीच्या हप्त्याशेजारी हा आकडा दिसतही नाही. आणि ०००१ च्या सहा लाखांत पुरे तीन संच येऊन वर अलाइनमेंट होते.

"इन्शुरन्स आहे की," असं साहेब म्हणाले, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरने पॉलिसी काढून वाचली. साध्या सर्वंकष पॉलिसीत नुसता टायर फुटला तर भरपाई शून्य. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं, तर नव्या टायरच्या किमतीच्या निम्मे. टायरचं वेगळं संरक्षण जादा हप्ता भरून मिळतं. तो हप्ता साहेबांनी वाचवला होता. ड्रायव्हरने कागद नीट घडी घालून परत ठेवला.

"मग साहेब, पुढच्या खड्ड्यात थोडी ठोकू का?"