हरकतनाना

मुळशी तालुक्यात भात पिकतो, आणि पुण्याच्या बाजूला गोडाऊनं पिकतात. भाताला तुडतुडे लागतात, गोडाऊनला नाना लागतात. पिरंगुट, भूगाव, घोटवडे, माण, कुठल्याही गावात जा. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे अप्पा, पण पाठीमागे सगळीकडे नाव एकच : हरकतनाना.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत फाइल. त्या फाइलमध्ये स्वतःचा सोडून साऱ्या गावाचे सातबारे असतात. सगळ्यात वर 1997 च्या प्रादेशिक योजनेचा नकाशा. मूळ नकाशात शेतीचा हिरवा, वस्तीचा पिवळा असे रंग आहेत. नानांकडची झेरॉक्स मात्र काळीपांढरी. त्यामुळे कुठला पट्टा हिरवा नि कुठला पिवळा, हे फक्त नानाच सांगू शकतात, आणि ते माणूस बघून सांगतात.

समजा, गावातल्याच एका पोरानं रस्त्याकडेच्या वावरात खडी, क्रश सँड आणि विटांचा डेपो टाकला. तिसऱ्या दिवशी नानांची बुलेट तिथं थांबतेच.

“काय रे बाळा, परवानगी काढली का?”

“नाना, शेड कुठंय? सगळं उघड्यावर तर आहे.”

“कायदा पत्रा मोजत नाही, जमिनीचा वापर बघतो. परवानगी कुठाय?”

“सातबाऱ्याला भात लागलाय की अजून.”

“मग कापणी काय जेसीबीनं करणार?”

इथवर नानांचं एक अक्षरही चुकलेलं नसतं. 1966 चे दोन कायदे त्यांना हनुमान चालिशासारखे पाठ : जमीन महसूल अधिनियम आणि नगररचनेचा एमआरटीपी, कलम 53 सकट. शेतजमीन बिगरशेतीला वापरायची तर रीतसर परवानगी हवी, ढीग उघड्यावर असो की छपराखाली. नानांची गंमत पुढे सुरू होते.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायत, पौडचं तहसील, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या चारही ठिकाणी अर्ज पडतो. प्रत माहितीसाठी मा. मुख्यमंत्री. वर दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अधिकार. शेवटची ओळ ठरलेली : ‘कारवाई न झाल्यास 15 ऑगस्ट रोजी तहसील कार्यालयासमोर आमरण उपोषणास बसेन.’ नानांच्या उपोषणासाठी मांडववाल्याला अजून कुणी इसार दिलेला नाही.

मग मंडल अधिकारी येतात, पंचनामा होतो. पंच मिळत नाहीत, म्हणून डेपोवरचाच हमाल सही करतो. नोटीस निघते. पोराचा चेहरा उतरतो, आणि संध्याकाळी पौड रस्त्यावरच्या हॉटेलात त्याचे चुलते नानांना गाठतात. नाना पैशाला हात लावत नाहीत, तत्त्वाचा माणूस. ते एवढंच म्हणतात, “आपल्या बारक्याचा डंपर घरी उभाय. माल त्याच्या गाडीनं आला, तर गावाचंच भलं आहे ना?”

आठवड्याभरात पाचवा अर्ज : ‘सदर तक्रार गैरसमजातून केली होती. गैरसमज दूर झाला असल्याने तक्रार मागे घेत आहे.’ खडी तिथंच, सातबाऱ्यावर भात तिथंच. रस्त्यावर डंपर तेवढा एक वाढलेला.

पीएमआरडीएनं 2021 मध्ये प्रारूप विकास आराखडा जाहीर केला, त्यावर हजारोंनी हरकती घेतल्या आणि 2025 मध्ये सरकारनं तो आराखडाच मागे घेतला. तेव्हापासून नाना लग्नकार्यात सांगतात, “एक अर्ज टाकला आपण, गुंडाळला आराखडा.” हे ते सांगतात ती जागा म्हणजे त्यांच्याच थोरल्याचं लग्नाचं लॉन, भातखाचरं बुजवून केलेलं. परवानगीचं कुणी विचारलंच तर म्हणतात, “गवत लावलंय. गवत म्हणजे शेतीच की!”

हसून झालं असेल, तर आता यातलं नुकसान बघा. उद्या एखाद्या मावशींच्या विहिरीशेजारी कुणी उघड्यावर केमिकलची पिंपं रचली, पाण्याला वास यायला लागला आणि त्या बिचाऱ्या अर्ज घेऊन कचेरीत गेल्या, तर टेबलामागचा माणूस चष्म्यावरून बघत विचारणार, “तुमचा डंपर किती टायरचा?” याच तालुक्यातल्या उरवड्याच्या एका केमिकल कारखान्याला जून 2021 मध्ये आग लागली आणि कामगार, त्यातही बहुतेक बाया, होरपळून गेले. कुठे काय साठवलंय आणि कशाच्या परवानगीनं, हा प्रश्न त्या गावांत चेष्टेचा राहिलेला नाही. नानांनी तो विकून विकून स्वस्त केला, हा त्यांचा खरा गुन्हा. डंपर ही किरकोळ बाब.

तेव्हा नकाशा नानांच्या फाइलीत ठेवू नका. सातबारा ऑनलाइन दिसतो, ग्रामसभा ठरल्या दिवशी भरते. तिथं उभे राहून विचारा, अर्ज करा, पोच घ्या. आणि एकदा केलेला अर्ज मागे घेऊ नका.