मोऱ्याचे भाऊ

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभरात मोऱ्याला लागते आणि उतरल्या उतरल्या समोर भाऊ उभे असतात. दहा फुटी फलकावर. उजवी मांडी पुढे, दोन्ही हात पसरलेले, नजर डाव्या कोपऱ्यावर. अंग पंचवीस वर्षांपूर्वीच्या चढाईतलं आहे, डोकं चालू वर्षाचं. फलकवाल्यानं जोड इतका बेमालूम दिलाय, की विशीतल्या खांद्यांवर पंचेचाळिशीतला गॉगल कुणाला खटकत नाही.

उरण-पनवेलकडे गावागणिक असा एक भाऊ सापडतोच. आमच्या रायगडात पोराला चालता येण्याआधी दम धरता येतो. त्यातला एखादा जिल्ह्याला खेळतो, पेपरात ‘झंझावाती चढाया’ असं छापून येतं, ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत जातं आणि मग गुडघा जातो. पैलवानाचं अंग सुटलं की तो तालीम काढतो. कबड्डीवाल्याचा गुडघा गेला की तो कार्यकर्ता होतो.

भाऊंची सारी कारकीर्द एका चढाईवर उभी आहे. जिल्हा अजिंक्यपदाचा अंतिम सामना, शेवटचं मिनिट, आपण एका गुणानं मागं. भाऊ गेले आणि दोन गडी बाद करून मध्यरेषेवर आडवे पडले. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण गुणलेखक मीच होतो. पहिल्या सत्काराला दोनाचे तीन झाले. सोसायटीच्या निवडणुकीत चार. परवा कुणाच्या तरी हळदीत वक्ता पाचावर गेला आणि भाऊंनी मान खाली घालून ते सोसलं. एका संघाचे मैदानात सातच गडी असतात. भाऊ आमदारकीला उभे राहिले तर काय करायचं, ही माझी खरी चिंता आहे.

मैदानातून सभागृहाकडे जाणारी वाट आपल्याकडे मळलेलीच आहे. सांगलीकडच्या कवठे पिरानच्या मारुती मानेंनी 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, 1964 साली ते हिंदकेसरी झाले आणि पुढं राज्यसभेतही गेले. हा दाखला भाऊ प्रत्येक भाषणात देतात. खाशाबा जाधवांचं नाव मात्र घेत नाहीत. 1952 साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणायचं आणि मग पोलिसात मुकाट नोकरी करायची, यात भाऊंना घेण्यासारखं काही दिसत नाही.

गुडघा गेला तरी चढाई सुटलेली नाही. पंचक्रोशीतल्या कुठल्याही सामन्यांचं उद्घाटन भाऊंच्या चढाईनं होतं. नारळ फुटतो, भाऊ पांढऱ्या पँटीचे पायचे दुमडतात, माती कपाळाला लावतात. (हल्ली मॅट आली, तेव्हापासून माती घरून आणतात, कागदाच्या पुडीत.) मग ‘कबड्डी’ असं दोनदा म्हणून समोरच्या सात पोरांत शिरतात. पोरांना आदल्या दिवशी ताकीद दिलेली असते. भाऊ प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवतात, एखाद्याला घरचं विचारतात, फोटोवाल्याकडे बघतात आणि सातही गडी बाद करून सावकाश परत येतात. निवेदक लोण पुकारतो. चढाईला नियमानं तीस सेकंद मिळतात. भाऊंची चढाई मी घड्याळ लावून पाहिली, चार मिनिटं चालली. बारा वर्षांत भाऊंची पकड झालेली नाही. या आकड्यावर त्यांचा मनापासून विश्वास आहे. इथंच सारा घोटाळा आहे.

परदेशाचं खूळ त्यांच्या डोक्यात मीच घातलं. एके दिवशी मोबाइल नाचवत आले. “मास्तर, मोरा स्वीडनमधी पण हाय?” आहे म्हटलं. तिथं दर मार्चच्या पहिल्या रविवारी पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जायची शर्यत मोऱ्याला संपते. नव्वद किलोमीटर, 1922 पासून. वाटेत निळ्या बोरांचं गरम सार पाजतात आणि पहिल्या येणाऱ्याला पोरगी हार घालते.

“हार?” भाऊंनी बाकीचं सोडून तेवढंच उचललं.

त्या शर्यतीमागची हकीकत तर त्यांना आपलीच वाटली. डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठाव करायचा म्हणून गुस्ताव वासा नावाच्या तरुणानं त्या मोऱ्यात लोकांपुढं भाषण केलं. 1520-21 चा हिवाळा होता. लोकांनी ऐकून घेतलं आणि घरी गेले. हा वैतागून नॉर्वेकडे चालता झाला. मग राजाच्या जुलमाची खबर पोचली, मोरेकरांना पस्तावा झाला आणि त्यांनी दोन घसरवीर त्याच्या मागं धाडले. त्यांनी त्याला सालेन गावाशी गाठून परत आणलं. 1523 साली तो राजा झाला. शर्यत धावतात ती याच परतीच्या वाटेनं.

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे आधी रुसायला लागतं.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी ‘मोरा ते मोरा’ अभ्यास दौऱ्याचा अर्ज केला. बर्फाचं काय, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, “बर्फ नाय तर नाय. ओहोटीला चिखल कमी हाय का आपल्याकडं?”

दौरा मंजूर होण्याआधी निवडणूक लागली. भाऊ सतरा मतांनी पडले. रात्रीत गावभर एकच विनोद फिरला: भाऊचा धक्का. मूळ धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. आडनावातच अजिंक्य असणं किती सोयीचं असतं, ते आमच्या भाऊंना त्या रात्री कळलं असावं.

मी सांत्वनाला गेलो. फिनलंडच्या युहा मिएतोची गोष्ट सांगितली. सहा फुटांच्या वर उंच, दाढीवाला बर्फपटू. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये पंधरा किलोमीटर घसरून त्याचं सुवर्ण एका शतांश सेकंदानं हुकलं. त्यानंतर शतांशाची मोजणीच बंद करून दशांशावर आणली. आणि 2007 साली लोकांनी त्याला संसदेत पाठवलं.

भाऊंनी डोळे पुसले. “सतरा मतं म्हंजे किती शतांश, मास्तर?”

मला हिशेब येईना. पण त्यांचा झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजकारण सोडून मुंबईला भावाकडं जात असल्याचं जाहीर केलं. अटल सेतू झालाय, उरणपर्यंत रेल्वे आलीय. पण भाऊंनी लाँच धरली. सेतूवरून गाडीत बसून गेलेला माणूस रुसलाय हे कुणाला दिसणार? धक्क्यावरून चालत जावं, वळून एकदा गावाकडं बघावं, कोळणींनी टोपल्या खाली ठेवून विचारावं, हे सगळं लाँचलाच जमतं.

एका कोळणीनं विचारलंही. “भाव, डबा घेतला का?”

भाऊ लाँचमध्ये बसले. मी सोडायला गेलो होतो, शेजारी टेकलो. भाऊ गावाच्या रस्त्याकडं पाठ करून, पण कान लावून बसले होते. लाँच काही सुटेना. ओहोटी लागली होती, पाणी उतरलं होतं आणि लाँचचं बूड गाळात टेकलं होतं. आता दोन-तीन तास हलणं नव्हतं. भाऊंचा चेहरा मात्र उजळला. मागून येणाऱ्यांना तेवढाच वेळ.

आणि खरंच दोघं धक्क्यावरून धावत येताना दिसले.

“मास्तर, दोघंच हायत ना?” भाऊंनी वळून न बघता विचारलं.

दोघंच होते. भाऊंनी केस सारखे केले, गॉगल चढवला आणि समजूत काढून घ्यायच्या तयारीनं उभे राहिले. जवळ आले तसे मी ओळखले: एक मंडपवाला, दुसरा फलकवाला. दोघांच्याही हातात बिलं होती. त्यांना कुणी आदल्या दिवशी ताकीद दिलेली नव्हती. मंडपवाल्यानं लाँचचं डावं तोंड धरलं, फलकवाल्यानं उजवं.

भाऊंची उजवी मांडी सवयीनं पुढं झाली. मग मागं आली.

“मास्तर,” ते हळूच म्हणाले, “भरती कवा हाय?”