कोपऱ्यावरच्या काकांचा कॅम

अहो वैनी, जरा भिंतीपाशी या की. राहू दे ते वाळवण, ऊन काही पळून जात नाही. सकाळी तो आवाज ऐकलात का? धड… धड… धड… असा सावकाश, प्रत्येक ठोका मोजून घ्यावा असा? हां, तीच. कोपऱ्यावरच्या काकांची बुलेट. विकली असं वाटलं तुम्हाला? विकतायत कसले! वडिलांची गाडी आहे ती, एक वेळ घर विकतील. मध्ये बरेच दिवस कव्हर घालून उभी होती ना, त्याच्यामागं बरंच काही घडलंय. निम्मं मला काकींनी सांगितलं, निम्मं आमच्या ह्यांनी मिस्त्रीकडं स्टुलावर बसून ऐकलं. आणि जे दोघांना कळलं नाही ते मला कळलं, कारण माझं माहेर उद्यमनगरातलं. आमच्या वडिलांचा लेथ चालू असायचा आणि आम्ही पोरं शेजारी बसून पाढे म्हणायचो.

सुरुवात झाली त्या रविवारच्या टोळक्यापासून. काळी जॅकिटं घालून पन्हाळ्याला जातात बघा सगळे. त्यात एकाची नवी मिटिऑर, बँकेतून रिटायर झालेल्या त्या साहेबांची तर साडेसहाशेची. आणि आपले काका जुन्या बिडाच्या इंजिनाची 350 घेऊन, गिअर उजव्या पायात नि ब्रेक डाव्या. वाघबिळापर्यंत सगळे बरोबर जायचे. तिथं वळून चढ लागला की काका मागं. हे वर पोचेपर्यंत बाकीच्यांची झुणका-भाकर होऊन ताकाची दुसरी वाटी चालू. कुणीतरी हसत म्हणालं, काका, गाडी दमली आता. झालं. माणसाला म्हातारा म्हणा, ऐकून घेईल. गाडीला म्हणून बघा.

तेवढ्यात पुतण्यानं कान भरले. तो असतो इंग्लंडात. बुलेट मुळात तिकडचीच, रेडिच गावची. आपल्याकडं मद्रासला 1955 पासून जोडायला लागले आणि मग इथंच बनायला लागली. तिकडची कंपनी केव्हाच बंद पडली, पण जुन्या इंजिनांचे शौकीन अजून आहेत आणि त्यांच्यासाठी सुटे भागही नवे निघतात. पुतण्या म्हणाला, काका, परफॉर्मन्स कॅम टाका, बघा कशी चढते. आणि सुट्टीला आला तेव्हा बॅगेतून घेऊनच आला. काकींसाठी काय आणलं विचारू नका. साबण.

कॅम म्हणजे? सांगते की. बुलेटच्या उजव्या अंगाला ते मोठं झाकण असतं ना, त्याला टायमिंग कव्हर म्हणतात. त्याच्या आत दोन दातेरी चाकं शेजारीशेजारी बसवलेली असतात. एक चाक आत हवा-पेट्रोल घेणाऱ्या व्हॉल्व्हचं, दुसरं धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं. दोन्ही चाकांना अंगचाच एकेक उंचवटा असतो. चाक फिरलं की उंचवटा टॅपेटला वर उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड डोक्यावरच्या रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणजे इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असलं तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 33 वेळा उघडून मिटतो. विचार करा, 33 वेळा! आणि हे सगळं त्या बोटभर उंचवट्याच्या आकारावर. तो जास्त उंच केला तर व्हॉल्व्ह जास्त उघडतो. जास्त रुंद केला तर जास्त वेळ उघडा राहतो. पुतण्यानं आणलेला दोन्हीकडून वाढवलेला.

मिस्त्री शहाणा माणूस. कोल्हापुरात बुलेटवर हात चालणारे जे थोडे जुने राहिलेत त्यांतला. त्यानं कॅम हातात घेऊन फिरवून बघितला, आणि काकांना एवढंच विचारलं, “काका, गाडी पळवता किती?” काका म्हणाले, साठ-सत्तर. “आणि दम कुठं पडतोय?” चढाला, तिसऱ्या गिअरात. “मग ह्यो कॅम तुमच्या काय कामाचा?” काकांना राग आला. तू बसव, बाकीचं मी बघतो, म्हणाले. आमचे हे तिथंच होते, त्यांनीही मान डोलावली. ह्यांना काय, कुणी काहीही उघडलं की आत बघायला मिळतं, खूश.

पण बसवायचं म्हणजे जुनं काढलं नि नवं घातलं असं नसतं हं. पहिलं म्हणजे व्हॉल्व्ह आता जास्त खाली येणार. तो वर येणाऱ्या पिस्टनला टेकला तर? तेवढ्यासाठी मिस्त्रीनं हेड काढलं, आणि माझ्याकडं माणूस पाठवला, नातीच्या खेळण्यातली माती आहे का म्हणून! दिली की. पिस्टनच्या डोक्यावर मातीचा थर दिला, हेड परत कसलं, इंजिन हातानं हळूहळू दोन फेरे फिरवलं, आणि पुन्हा उघडून मातीवर उठलेला ठसा सुरीनं कापून मोजला. दोन मिलिमीटरच्या आसपास जागा राहायला हवी म्हणाला. राहिली. स्प्रिंगा पूर्ण दबून वेटोळ्याला वेटोळं भिडत नाही ना, तेही बघितलं. मग दातेरी चाकांवरच्या खुणा एकमेकींसमोर आणून कॅम बसवले. तिथं एक दात इकडंतिकडं झाला की गाडी चालू व्हायची नाही, झालीच तर रडत चालेल. शेवटी टॅपेट. इंजिन थंड पाहिजे, पिस्टन वर पाहिजे, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले पाहिजेत, आणि पुशरॉड दोन बोटांनी नुसता फिरला पाहिजे. वर-खाली हलायला नको नि अडकायलाही नको. यात मिस्त्रीचा अख्खा दिवस गेला. नातीची माती मात्र काळी होऊन परत आली. आता ती म्हणते, आजी, हिला पेट्रोलचा वास येतो.

आणि मग गंमत. गाडी बाहेर काढली, काकांनी नेहमीप्रमाणे अँमीटरचा काटा मधे आणला, डिकॉम्प्रेशनची लिव्हर दाबून पिस्टन जरा पुढं सरकवला, आणि किक मारली. किक हलकी लागली! काका म्हणाले, बघा, गाडी कशी मोकळी झाली. मिस्त्री गप्प. कारण किक हलकी लागणं म्हणजे आत दाब कमी झालाय, हे त्याला दिसत होतं.

का म्हणजे? आता हे तुम्हाला केएमटीच्या बसवरून सांगते, बघा पटतंय का. स्टॉपवर माणसं चढली, तेव्हाच दार लावलं तर बस भरलेली निघते. पण दार उघडंच ठेवून बस रेंगाळली तर चढलेल्यातली चार माणसं कंटाळून परत उतरतात. या मोठ्या कॅमचं तसंच. आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो तरी हा उघडाच. इंजिन जोरात फिरत असेल तर हवेला वेग असतो, ती त्या वेगातच आत घुसत राहते आणि जास्त भरते. पळवणाऱ्यांना म्हणून हा कॅम आवडतो, आणि त्यांचं बरोबर आहे. पण इंजिन हळू फिरत असताना आलेली हवा-पेट्रोल पिस्टन परत बाहेर ढकलतो. म्हणजे खालची ताकद गेली, वरची वाढली. आणि बुलेट तर खालच्या ताकदीचीच गाडी! पिस्टनचा व्यास 70 मिलिमीटर नि धाव 90. लांब धावेचं इंजिन, आत जडशीळ फ्लायव्हील. कागदावर ताकद 18 अश्वशक्ती, पण ती सावकाश, ओढत नेणारी.

पुढचं काय सांगू. सिग्नलला उभी राहिली की आवाज कधी धडधड, कधी धड-फुस. काकींना वाटलं सायलेन्सर फुटला. त्यातही कारण तेच: आता दोन्ही व्हॉल्व्ह आधीपेक्षा जास्त वेळ एकदमच उघडे राहायला लागले, मग हळू चालताना जळका धूर उलटा आत शिरतो. स्क्रू फिरवून फिरवून काकांनी मिकार्बच्या कार्ब्युरेटरचा जीव घेतला. मोठा जेट टाकून बघितला. पेट्रोल जास्त जायला लागलं, एवढंच. सपाट रस्त्यावर मात्र खरोखर फरक होता हं, खोटं कशाला बोलू. ऐंशीच्या पुढं गाडी जी आधी थरथरायची ती आता ओढत होती. काका दोन-तीन दिवस हवेत. मग रविवार आला. वाघबिळाचं वळण, तिसरा गिअर, आणि गाडी आधीपेक्षा आधीच बसली! दुसऱ्यात टाकून, इंजिन किंचाळत वर नेली. ताकद पाहिजे तर इंजिन वरच्या फेऱ्यांत ठेवायचं, मान्य, पण त्या जुन्या इंजिनात खाली बिग एंडला साधा फ्लोटिंग बुश असतो, रोलर नव्हे. त्याला सतत असं पळवलं तर किती टिकेल? मिस्त्री म्हणालाच, एकट्या कॅमनं काय होत नाही. कॉम्प्रेशन वाढवा, कार्ब्युरेटर मोठा घ्या, बिग एंडला रोलर बसवा, गिअरिंग बदला, मग तो कॅम पैसे वसूल करून देईल. काकांनी हिशेब विचारला आणि चहा मागवला.

आता इथं आमचे हे कामाला आले, आयुष्यात एकदा. काढलेले जुने कॅम मिस्त्रीकडं तेलकट फडक्यात पडले होते. हे म्हणाले, तुझ्या भावाकडं मोजून तरी बघू. भावानं मायक्रोमीटर लावला: उंचवट्याच्या टोकापर्यंतचं माप, त्यातून गोल बाजूचं माप वजा, उरली ती उचल. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा कॅम ठीक होता. धूर सोडणाऱ्याचा झिजून झिजून मिलिमीटरभरानं बसलेला! कॅमला वरून फक्त पातळ कडक थर असतो. तो एकदा गेला की आतलं मऊ लोखंड भराभर झिजतं. टॅपेटचा तळही खपली निघाल्यासारखा उडालेला. टायमिंग कव्हरमधला तो फेल्टचा फिल्टर दाखवला मिस्त्रीनं, चंदेरी भुकटीनं भरलेला. म्हणजे जळका धूर पुरता बाहेरच जात नव्हता आणि नव्या हवेला आत जागा नव्हती. चढाला गाडी दमणार नाही तर काय! तेलाच्या बदलीबद्दल काकांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला विचारू दिलं नाही.

भाऊ म्हणाला, वेल्डिंग भरून, घासून, परत कडक करून देतो, उद्यमनगरात होतं सगळं. पण कडकपणा नीट आला नाही तर वर्षभरात पुन्हा हेच, त्यापेक्षा साधा कंपनीच्या मापाचा नवा संच घ्या. परफॉर्मन्स-बिरफॉर्मन्स काही नाही, पहिल्या दिवशी गाडीत होता तोच आकार. काकांनी शेवटी तोच बसवून घेतला. नवे टॅपेट, नवा फिल्टर, ताजं तेल. पुतण्याला काही कळवलं नाही. तो फोनवर विचारतो, कशी चढते? काका म्हणतात, एकदम झकास, तुझ्या कॅमची कमाल. काकी मागं उभं राहून हसतात.

आणि गेल्या रविवारी? मिटिऑरवाला पुढंच होता, ती गाडीच वेगळी. तिचा कॅम डोक्यावर बसवलेला, 2020 सालचं इंजिन. पण काका तिसऱ्यातच वर गेले. झुणका-भाकर गरम मिळाली म्हणतात.

हां, तर मी तुम्हाला हाक का मारली ते सांगायचंच राहिलं. ते इंग्लंडचे कॅम आता काकांकडं डब्यात पडून आहेत, जवळजवळ नवेच. तुमचा इचलकरंजीचा भाचा जुन्या बुलेटी उघडत बसतो ना, तो एक लांब पळवायचं इंजिन बांधतोय म्हणाला होतात. त्याच्या कामाचे आहेत. मात्र गाडी बिडाच्या इंजिनाचीच पाहिजे. नंतरच्या, तेलावर आपोआप जुळणाऱ्या टॅपेटच्या इंजिनात ते बसायचे नाहीत, हे आधी विचारून घ्या. किंमत काका बोलणार नाहीत, काकी बोलतील. आणि काकींशी बोलताना साबणाचा विषय काढा, निम्म्यात देतील.