आधी आधार, मग बॅटरी

आमच्या भैंशात पुराचं पाणी उंबऱ्याला टेकलं की पहिला शोध कशाचा लागतो? बॅटरीचा नाही, दोराचा नाही. घरचा कर्ता पुरुष कपाटापुढं उकिडवा बसतो आणि ओरडतो, "अगं, माझं आधार कुठं ठेवलंस?" त्याचं चुकत नाही. पाणी ओसरलं की पंचनाम्याला साहेब येणार आणि हाच प्रश्न विचारणार. घर पडलं हे साहेबाला डोळ्यांनी दिसतं. ते तुमचंच होतं हे कागदावर दिसावं लागतं. कागद कुठं होता? घरात.

त्यातून आमचे कागद म्हणजे एक पुराणच. १९५६ च्या आधी आमचा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात, म्हणून आजोबांच्या कागदावर नांदेड. त्या नोव्हेंबरात आम्ही आंध्र प्रदेशात गेलो, वडिलांच्या कागदावर आदिलाबाद. २०१४ ला राज्य बदललं, २०१६ ला जिल्हा, आता पोराच्या कागदावर तेलंगणा, जिल्हा निर्मल. गाव जागचं हललं नाही. पत्ता न चुकता येतं ते एक पाणीच.

आणि ते सांगून येतं. आमच्याकडची आपत्ती दरवाजे उघडून येते. जुलै २०२१ मध्ये भैंशाच्या गड्डेन्ना वागू प्रकल्पाचे दरवाजे उचलले आणि गावातल्या ऑटोनगरसारख्या सखल भागात पाणी घरात शिरलं. पुढच्याच जुलैत आमच्याच जिल्ह्यातल्या कडेम धरणावर पाच लाख क्युसेक पाणी येऊन धडकलं; अठरा दरवाजांपैकी एक उघडेना, आणि खालची गावं रातोरात हलवावी लागली. अशा वेळी हातात असतो तास-दोन तास. तो आम्ही कपाटाची किल्ली शोधण्यात घालवतो.

२०२३ मध्ये मोबाइल एकाएकी किंचाळून इशारा देतात का, याची देशभर चाचणी झाली. आम्ही काय केलं? स्क्रीनशॉट काढला आणि "तुम्हाला पण आला का?" म्हणून भावकीच्या ग्रुपवर टाकला.

पुरासाठी एक पिशवी आधीच भरून ठेवा म्हटलं की म्हातारी म्हणते, "अभद्र बोलू नको." पण हीच म्हातारी सुनेला आठवा लागला की बाळंतपणाची पिशवी भरून दाराशी ठेवते. जुनी लुगडी, टोपडी, दुपटी, थर्मास, दवाखान्याची फाइल. कुणीही शासकीय पत्रक वाचलेलं नसतं, तरी एक वस्तू राहत नाही. म्हणजे अक्कल आहे, फक्त ती पावसाळ्याला लावलेली नाही.

पत्रक म्हणतं, माणशी रोज तीन-चार लिटर पाणी, तीन दिवसांचं. पाच माणसांचे झाले पंचेचाळीस ते साठ लिटर. ते डोक्यावर घेऊन पुरातून कोण चालणार, हे पत्रक सांगत नाही. म्हणून दोन-चार बाटल्या पिशवीत, बाकीचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये गच्चीवर. खाणं म्हणजे तांदळाचं पोतं नव्हे; चूल बुडाल्यावर तांदूळ काय चघळायचे? फुटाणे, गूळ, शेंगदाणे, चुरमुरे, बिस्किटं. आजोबांच्या शुगर-बीपीच्या आठवड्याच्या गोळ्या आणि जुना चष्मा. लेकीसुनांचे पॅड, हे यादीत लिहायला पुरुष लाजतात आणि मग छावणीत बाईची पंचाईत होते. पन्नास-शंभरच्या नोटा, कारण टॉवर गेला की फोनपे म्हणजे नुसतं चित्र. चार नातेवाइकांचे नंबर कागदावर लिहून. भोकरच्या मामाचा नंबर पाठ आहे असा एक तरी माणूस घरात दाखवा!

आणि कागद. आधार, रेशन कार्ड, बँकेचं आणि जमिनीचं पासबुक यांच्या झेरॉक्स, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक. एक संच नांदेडकडच्या पाहुण्यांच्या घरी. त्यांचा एक आपल्याकडे. डिजिलॉकर आहे म्हणणाऱ्यानं चार्जिंग किती टक्के उरलंय ते आधी सांगावं.

पिशवी कपाटात नको, माळ्यावर तर नकोच. दारामागच्या खुंटीला लावा, जिथं पाहुण्याची छत्री टांगतात. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. अडकलात तर ११२.

मृग लागायच्या आत एवढं करा. सेल नवे घाला. पिशवीतल्या बॅटरीचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये जातात, आणि ते कुणी नेले हे घरात सगळ्यांना माहीत असतं.