सगळेच निष्ठावंत

निवडणूक आली की विश्रामगृहात पक्षनिरीक्षक बसतात आणि हदगावचे इच्छुक एकेक करून आत जातात. साहेब विचारतात, "तुम्हालाच तिकीट का?" उत्तर एकच. मी निष्ठावंत, तळागाळातला, पक्ष देईल तो आदेश मान्य. फरक फक्त बाहेर उभ्या गाड्यांच्या संख्येत. इसापूरच्या कालव्याचं पाणी टोकाच्या शेतात कसं पोचवणार, हळदीच्या भावाचं काय, यावर कोणी शेजारच्या इच्छुकापेक्षा वेगळं बोलेल तर शपथ.

अमेरिकेत एकाच पक्षाचे इच्छुक लोकांसमोर भांडतात. 1980 साली थोरल्या बुश यांनी स्वपक्षाच्या रेगन यांच्या अर्थकारणाला चक्क जादूटोणा म्हटलं, अन् त्याच वर्षी त्यांचेच उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. आपल्याकडं असं बोलणाऱ्याला आधी नोटीस येईल.

आपला मतभेद उशिरा उगवतो, अर्ज मागं घ्यायच्या दिवशी. 2019 च्या विधानसभेला हदगावात शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर उभे होते, त्यांच्याच पक्षातले बंडखोर बाबूराव कदम कोहळीकर अपक्ष. निवडून आले काँग्रेसचे माधवराव पाटील जवळगावकर! 2024 च्या लोकसभेला हदगाव ज्यात येतं त्या हिंगोलीत आष्टीकर अन् कोहळीकर पुन्हा समोरासमोर. मधल्या काळात शिवसेनाच दोन झाल्या होत्या, त्यामुळं या वेळी धनुष्यबाण कोहळीकरांकडं अन् मशाल आष्टीकरांकडं. आष्टीकर दिल्लीला गेले, कोहळीकर त्याच वर्षी हदगावचे आमदार झाले.

म्हणजे एका पक्षात दोघांची सोय होईना, दोन झाले तेव्हा दोघांचीही झाली. कालव्याचं काय ठरलं, ते मुलाखतीत कोणी विचारलं नव्हतं.