घरच्या घरी होतं की!

लक्ष्मी रोडवरच्या पडद्या-चादरींच्या कुठल्याही दुकानात शिरा. चार गिऱ्हाइकं कुशनची कव्हरं हातात धरून रंग बघत असतात. पाचव्या बाईंनी मात्र कव्हर उलटं केलेलं असतं. त्या चष्मा कपाळावर चढवून चेनच्या टोकाशी टाका कसा संपवलाय ते बघतात, शिवण दोन्ही हातांनी ताणतात आणि मग वितीनं माप घेतात. दोन विती, वर चार बोटं.

"साडेचारशे, ताई," सेल्समन आशेनं सांगतो.

"साडेचारशे? अहो, अर्धा मीटर कापड, एक चेन आणि पाव तासाची शिलाई! त्यात हा उरेब तरी नीट कापायचा. पायपिन बघा कशी वळलीय."

"मग दुसरं दाखवू?"

"नको, बघत होते नुसतं. घरच्या घरी होतं की!"

या आमच्या वहिनी. अख्खी बिल्डिंग त्यांना वहिनीच म्हणते. ज्यांना त्या आजी शोभतील अशी पोरंसुद्धा. दुकानात त्या तपासणीला जातात, आणि एखादी वस्तू मनापासून आवडली तर ती कधीच घेत नाहीत. आवडलेल्या वस्तूचा त्या मनात साचा काढतात आणि घरी येऊन दिवाण उघडतात.

वहिनींच्या घरातली एकही वस्तू आपल्या पहिल्या जन्मात नाही. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा ज्याला समजून घ्यायचा असेल त्यानं त्यांच्या हॉलमध्ये बसावं. दिव्याची शेड पूर्वी बांगड्या होती. दारातलं पायपुसणं तीन टी-शर्टांच्या पट्ट्यांची वेणी आहे. भिंतीवरचा मोर लग्नपत्रिकांचा आहे, आणि जरा निरखून पाहिलं तर त्याच्या पिसाऱ्यात 'आहेर आणू नये' असं वाचता येतं. सोफ्यावरच्या एका खाकी कुशनला खिसा आहे. "रिमोट ठेवायला," असं वहिनी सांगतात. भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, त्या कुशनला टेकायचं टाळतात. ती त्यांची चांगली, फक्त दोन वर्षं वापरलेली पँट होती. आठवडाभर त्यांनी ती कपाटात शोधली. एका संध्याकाळी टीव्हीचा आवाज वाढवायला रिमोट काढताना त्यांना त्या खिशात त्यांच्याच लाँड्रीची पावती सापडली.

वहिनींचा खरा पराक्रम म्हणजे पडदे. त्याचं गणित त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी सांगतात. पाचवारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच. दार सात फुटी, म्हणजे 84 इंच. वर रिंगांसाठी पट्टी आणि खाली दुमड मिळून 8 इंच धरले की एका पडद्याला 92 इंच लागतात. दोन दारांचे 184 झाले. राहिले 32 इंच, त्यात एका उशीचा अभ्रा बसतो. "साडी एक, दारं दोन, वर अभ्रा फुकट!"

गणितात चूक काढायला जागा नाही. अडचण पन्ह्याची आहे. पडद्याला चुण्या छान पडायच्या तर कापड दाराच्या दीडपट, जमल्यास दुप्पट रुंद हवं, हे कुठलाही शिंपी सांगेल. साडीचा पन्हा 45 इंच आणि दार 36. त्यामुळे वहिनींचे पडदे ओढले की दारावर सपाट ताणून बसतात. चुण्या पडत नाहीत. कुणी त्याबद्दल विचारलंच तर त्या वहिनींच्या कपाळावर पडतात.

अशा एका मोरपंखी साडीचं चरित्र मी जवळून पाहिलं आहे. भावाच्या लग्नात मिळालेली. पहिल्यांदा ती दारावर चढली. उन्हाची बाजू विटली तेव्हा उतरली आणि न विटलेल्या बाजूची मिक्सरची आणि शिलाई मशीनची टोपडी झाली. टोपडी विरली, मग तिचे चौकोन कापून, आत जुनी चादर भरून गरम भांडी धरायचे रुमाल झाले. रुमाल करपले, तेव्हा ओटा पुसायचं फडकं झालं. शेवटी ती फरशीला लागली त्या दिवशी वहिनी जरा हळव्या झालेल्या दिसल्या. पण काठ त्यांनी पहिल्याच दिवशी उसवून, गुंडाळून, पिन लावून दिवाणात ठेवलेला होता.

त्या दिवाणाविषयी सांगायलाच हवं. पाहुणा वर झोपतो आणि खाली वहिनींचं साम्राज्य असतं. रंगवार बांधलेली कातरणं, काठांच्या गुंडाळ्या, उसवलेल्या चेनी, ब्लाउजचे हूक, श्रीखंडाच्या डब्यांत बटणं. भोकं दोन की चार, यावरून डबे वेगळे. यातलं काय कशाला, असं विचारलं तर उत्तर एकच, "लागेल कधीतरी." आणि गंमत अशी की ते लागतं. बिल्डिंगमध्ये कुणाचं मूल शाळेला निघताना शर्टचं बटण तुटलं की रडतरडत वहिनींकडे येतं आणि पाच मिनिटांत त्याच मापाचं, त्याच रंगाचं, चार भोकांचं बटण लावून घेऊन जातं.

हा साठा फक्त स्वतःच्या कपड्यांवर उभा राहत नाही. हळदीकुंकवाला गेल्या तरी वहिनींचं लक्ष समोरचीच्या पदरावर. "छान आहे गं साडी. फाटली की मला दे हं." बिचारी नवीन सून, साडीची पहिलीच घडी मोडलेली असते.

पण वहिनी काय चीज आहेत ते बिल्डिंगला कळलं बोहारणीच्या दिवशी. बोहारीण आमच्या गल्लीत अजून येते, डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला जुन्या कपड्यांचं गाठोडं. तिचा व्यवहार सगळ्यांना ठाऊक आहे. कपडे घ्यायचे आणि भांडं द्यायचं. वहिनींकडून तिला आजवर एक चिंधी मिळालेली नाही, त्यामुळे ती त्यांच्या दाराशी थांबतही नाही. त्या दिवशी वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या आणि वरून त्यांना गाठोड्यातून लोंबणारा इरकलीचा काठ दिसला. चिमटे तसेच टाकून त्या खाली आल्या. हातात गेल्या दिवाळीत आलेलं स्टीलचं कोरं पातेलं.

"ती लाल काठाची काढ बघू जरा."

बोहारणीनं काढली. वहिनींनी साडी उजेडाला धरली, उलटी केली. "अंग विरलंय पार. पण पदर आणि काठ शाबूत आहेत. हे पातेलं घे आणि साडी दे."

बोहारीण पाटीवर हात ठेवून उभीच राहिली. "बाई, माझ्या सासूनं ह्योच धंदा केला, तिच्या सासूनं केला. भांडं दिऊन कापड मागणारं गिऱ्हाईक कुनी बगितलं न्हाई."

"मग आता बघ. देतेस का?"

एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. बोहारीण आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूला उभी होती, पण तिला सावरायला वेळ लागला नाही. तिनं पातेलं हातात घेतलं, नखानं वाजवलं, उन्हात फिरवलं, बूड बघितलं, आणि आजवर हजार बायकांनी तिला जे ऐकवलं असेल तेच वहिनींना ऐकवलं, "पातळ हाय. झाकण घालून द्या."

वहिनी झाकण आणायला वर गेल्या. त्या साडीचे दोन कुशन आणि एक तोरण झालं. वहिनींच्या मते फुकटात.

हा 'फुकट' शब्द भाऊंना लागतो. जन्म बँकेत गेला, खात्यात पैशाचा फरक पडला तर रात्री आठपर्यंत थांबून तो शोधणारा माणूस. मोरपंखी पडद्यांच्या वेळी त्यांनी गुपचूप एका वहीत खर्च मांडला होता. अस्तर 420, पडद्याच्या रिंगा 360, दोरे 120, रिक्षा 220, भेळ आणि उसाचा रस 120. एकूण 1,240. तयार पडद्यांची जोडी लक्ष्मी रोडवर अकराशेला मिळत होती. वहिनींनी वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "रिक्षा कुणी पडद्यात धरतं का? आणि भेळ तुम्हीच खाल्लीत." भाऊंनी दोन्ही रकमा वजा केल्या. पडदे 900 वर आले आणि वहिनी जिंकल्या.

त्या यादीतल्या रिंगा हा मात्र न संपणारा विषय आहे. स्वस्त हवं म्हणून वहिनी बोहरी आळीत गेल्या. तिथं घाऊक भाव, आणि घाऊक म्हणजे पुरता ग्रोस, 144 नग. दोन पडद्यांना लागल्या वीस. उरल्या 124. आता उरलेलं वाया घालवायचं नाही हा तर वहिनींचा कुळधर्म. मग रिंगांना लोकर गुंडाळून भिंतीवरचं लोंबतं नक्षीकाम करायचं ठरलं. त्यासाठी लोकर आणली. ती उरली. उरलेल्या लोकरीचे गोंडे झाले. गोंडे लावायला कुशन कमी पडले, म्हणून कुशन शिवायला कापड काढलं. कापड उरलं. वहिनी उरलेलं संपवायला बसतात आणि संपवता संपवता नवं काही उरवतात. सगळं एकाच वेळी संपलंय असा दिवस त्यांच्या घरात उजाडलेला नाही.

दुपारी दोन वाजता, बाकी पुणं झोपलेलं असताना, वहिनींचं पायमशीन सुरू होतं. आईकडून आलेलं, काळं, सोनेरी नक्षी झिजलेलं. त्याला त्या दुरुस्तीवाल्याचा हात लावू देत नाहीत. पट्टा सैल झाला की दोन बोटं कापून टाचतात. तेल स्वतः घालतात, आणि घातल्यावर पहिला हात एखाद्या चिंधीवर मारतात, नव्या कापडाला डाग नको. सुती कापडाला चौदा नंबरची सुई, जीन्सला सोळा. चौदा नंबरनं जीन्स शिवायला घेतली तर सुई तुटते आणि तिचं टोक सापडेपर्यंत घरात कुणी अनवाणी फिरायचं नाही, असा हुकूम सुटतो. शिवायच्या आधी सुती कापड रात्रभर भिजवायचं, हा त्यांचा दुसरा हुकूम. "नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा गुडघ्यावर येतो." हे दोन्ही नियम सोळा आणे खरे आहेत.

बरं, हे खूळ वहिनींनी काही विलायतेहून आणलेलं नाही. आपल्याकडे विरलेली नऊवारी कधी टाकून दिली जात नसे. घड्यांचे थर घालून, बरी बाजू वर-खाली ठेवून, कडेकडून आत धावदोरा घालत बायका गोधडी शिवत. रुखवतात करवंट्यांची कासवं आणि मण्यांची तोरणं मांडून अख्ख्या मांडवाला दाखवत, की मुलगी हाताची हुशार आहे. आता तीच गोधडी मोठ्या दुकानात काचेमागे काही हजारांची चिठ्ठी लावून टांगलेली असते. वहिनींनी एकदा तीही उलटी करून बघितली. "मशीनचा टाका!" एवढंच म्हणाल्या, आणि बाहेर येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

त्यांचे सोन्याचे दिवस आले 2018 साली. राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि गणपतीच्या तोंडावर मखराचं काय करायचं हा प्रश्न घरोघरी पडला. ज्यांनी आजवर वहिनींना बघून जिन्यात पाय उचलला होता ते सगळे रांगेनं दाराशी. वहिनींनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा, जांभळा खण आणि दिवाणातले काठ काढले. घडी घालून माळ्यावर ठेवता येईल, पुढच्या वर्षी नुसता खण बदलला की नवं दिसेल असं मखर उभं केलं. भाऊंचा एक पायजमाही त्यात कामी आला म्हणतात, पण आरतीच्या वेळी ते कुणी बोललं नाही.

वहिनींचा उपद्रव सुरू होतो तो संक्रांतीला. वाण म्हणून त्या स्वतः शिवलेलं काहीतरी देतात आणि वर्षभरात केव्हाही येऊन ते कुठे आहे ते बघतात. म्हणून आमच्या जिन्यात एक व्यवस्था आहे. वहिनी निघाल्या की तळमजल्यावरून वर निरोप जातो आणि घरोघरी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जीन्सच्या झोळ्या खाली येऊन खुंटीला लागतात. उपयोग शून्य. वहिनी झोळी खुंटीवरून काढतात, सवयीनं उलटी करतात आणि म्हणतात, "वापरलेली दिसत नाही. खडूची खूण अजून तशीच आहे."

आता निकाल द्यायचा तर काटकसर या खात्यावर वहिनी नापास आहेत. भाऊंची वही साक्षीला आहे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये बाकी सगळ्यांचे पडदे एकाच दुकानातले, एकाच करड्या रंगाचे आहेत. एका घरातून दुसऱ्या घरात टांगले तर मालकालाही पत्ता लागायचा नाही. बसल्या जागेवरून उठून आपण कशावर बसलो होतो ते पाहुण्यानं वळून बघावं, असं घर एकच आहे. ते पाहुण्याला सांगताना वहिनींच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याची किंमत वहीत मांडायला भाऊंनाही जमलेलं नाही.

अशा एक वहिनी तुमच्याही गल्लीत असतीलच. तेव्हा जुनी साडी भांड्यावर घालण्याआधी एकदा त्यांच्या दारात नेऊन दाखवा. पँट मात्र ज्याची आहे त्याला विचारूनच द्या, आणि देण्याआधी खिसे तपासा.